सरकारी बाकावरचा ताडपंखा

मित्रांनो, माझ्या बाईंचा शेवटचा साधासुधा दिवस असा गेला: सकाळी त्यांनी माझ्या उसवलेल्या कडेला टाके घातले, दुपारी माझ्या वाऱ्याने निखारे फुलवून मासे भाजले आणि संध्याकाळी लेकीशी वाद घातला.

"कचेरीत भांडायला जातेस की पंगत वाढायला?" रोवेनाने विचारले.

"उपाशी माणूस सही करत नाही, बाळा."

"जेवलेलाही करत नाहीये."

"मग तू चल उद्या. तुझं तोंड बघून तरी घाबरतील."

दोघी हसल्या. पहाटे बाईंना दवाखान्यात नेले. त्या परतल्या नाहीत.

मी गिमारास बेटावरचा जुना ताडपंखा. इलुमिनादाबाईंनी मला आणले ते चुलीसाठी. पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. औषधांनी अंगाची लाही होई, म्हणून मी चुलीपासून उठून त्यांच्या पिशवीत गेलो, आणि तिथून कचेरीत.

कर्करोगाचे औषध रुग्णांना मोफत देण्याचा कायदा झाला होता. पण बेटावरच्या दवाखान्यात ते यायला वरच्या कचेरीचा हुकूम हवा होता, आणि त्यावर सही होत नव्हती. बाई बोटीने शहरात जाऊन औषध घेत. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी काय करायचे, एवढेच त्या आणि त्यांच्या सोबतच्या स्वयंसेविका विचारत.

रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जायचे नाही, ही आमची रीत. म्हणून दर बैठकीला डबा भरून शेवया जात. "मानांग, तुमच्या हाताला चव आहे हो," सही ज्यांच्या हातात होती ते विलारूझ साहेब म्हणत. मानांग म्हणजे ताई. साहेब जेवत, सगळ्यांबरोबर फोटो काढत, आणि हुकूम पुढच्या बैठकीवर जाई. एकदा बायकांनी मागणीचा कागद माझ्यावर चिकटवला. नेमकी वीज गेली. साहेबांनी मला मागून घेतले आणि कागदाकडे न बघता बैठक संपेपर्यंत वारा घेतला. बाई म्हणाल्या, "असू दे, उकडतंय त्यांना." मी मात्र आतून करपलो.

बाई गेल्यानंतरच्या बैठकीला रोवेना मला घेऊन गेली. डबा नेला नाही.

"मानांग गेल्या, फार वाईट झालं," साहेब म्हणाले. "हुकमाचं पुढच्या वेळी नक्की बघू."

बायका सवयीने मान डोलावू लागल्या.

मित्रांनो, मी फाटलो तर मला शिवता येते. आजारी माणसाचा कचेरीच्या बाकावर वाट बघण्यात गेलेला दिवस कुणाला शिवता येत नाही. तुमच्या दारी कुणी आले, तर एवढे ध्यानात ठेवा.

रोवेना उभी राहिली. मी तिच्या मुठीत होतो.

"आई आजारी होती, सर. घरी थांब, माझ्याजवळ बस, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. ती तुमच्या दारात बसून राहिली. ते दिवस मला हवे होते."