बॅटरीवरची बोट

माझ्या लेकाला, महेंद्रला, मी स्पष्ट सांगितलं हुतं. पानबुडी सोड, न्हाईतर माझ्याशी बोलू नको. नेवीत ऱ्हा, पन पान्याच्या वर ऱ्हा. तो सुट्टीला राहुरीला आल्ता, आन त्याच दुपारी साहेबाला फोन करून सांगायचं हुतं, पानबुडीत ऱ्हानार का मोठ्या जहाजावर बदली घेनार. "तू म्हनशील तसं, आये," म्हनला.

"पन एवढं काय भ्यालीस?" त्यानंच पुन्ना इचारलं.

"भिऊ नको तर काय नाचू? तूच फोनवर म्हनला हुतास, पान्याखाली तुमची बोट बॅटरीवर चालती. आपली बॅटरी बघ की! रातच्याला पानी धरायला बांधावर जाईपातूर पिवळी पडती. थापटली की पेटती, पुन्ना इझती. आन तुमी एवढे सगळे जन तिच्या उजेडावर समिंद्राच्या तळाला? कोनत्या शान्याचं हे डोकं?"

माझी सून वृषाली तोंडावर हात दाबून आत पळाली.

"अगं आये, ती हातातली बॅटरी न्हाई!" महेंद्र म्हनला, आन असा हसला की डोळ्यांतनं पानी. मला लई राग आला. त्या फोनपासनं पिवळ्या उजेडाचा घोर मला, आन ह्यांना हसू येतंय!

मंग त्यानं माझा हात धरला आन घरभर हिंडवलं. "हे दार म्हंजे बोटीचं नाक. हितं टॉर्पेडो, पान्यातनं सुटनारे बाँब. त्यांच्या शेजारीच आमी झोपतो. एक ड्यूटीवर गेला की त्याच्याच अंथरुनात दुसरा. अंथरून गार पडतच न्हाई." मधल्या खोलीत आला. "हितं पेरिस्कोप, पान्यावर डोकवायची नळी." फरशीवर पाय आपटला. "आन बॅटऱ्या हितं, पायाखाली. एकेक तुझ्या छातीपातूर उंच, शेकड्यानी. त्यांच्यावर मोटर चालती, आवाज न करता." गॅसपाशी गेला. "हितं डिझेलची इंजिनं. बॅटऱ्या उतरल्या की वर यायचं, पान्याबाहेर नळी काढून हवा घ्यायची, इंजिनं चालू करून चार्जिंग करायचं, पुन्ना खाली."

"आन आंघोळ?"

"तिचं नाव काढू नको. पानी जपून वापरायचं."

"शी! तरीच तुझ्या कापडांना रॉकेलचा वास."

"डिझेलचा, आये."

महेंद्र लहानपनापासनं घुमा. लगीन ठरलं तवाबी "बरंय" एवढंच म्हनला. आन आज त्याचं तोंड थांबत नव्हतं. कोनचा व्हॉल्व कुठं, आवाज करायचा नसला की चमचाबी कसा हळू ठिवायचा, कानाला हेडफोन लावून लांबचं जहाज कसं वळखायचं. मला त्या नळ्याबिळ्या काय कळल्या न्हाईत. मी आपली त्याच्या तोंडाकडं बघत हुते. बाई गं, किती गोड दिसत हुता!

पन खरं सांगते, बॅटरीचं कळलं तरी भीती काय गेली न्हाई. बॅटरी केवढीबी असू दे, डोक्यावर पानीच की.

"समजलं सगळं," मी म्हनलं. "तरीबी सोड."

"बरं."

एका शब्दानं वाद घातला न्हाई. खाटंवर बसला आन फोन काढला. इतका वेळ बोलनारं पोरगं, तोंड मिटून पुन्ना हुतं तसं घुमं झालं. ह्याला पान्यातनं वर काढायला निघाले, आन आपल्याच हातानं बुडवत हुते की मी!

पलीकडनं "हां, बोल महेंद्र" असा आवाज आला, आन मी फोन हिसकावून घेतला.

"जय भीम, साहेब. मी महेंद्रची आई, चांगुणाबाई. त्याला पानबुडीतच ठिवा."

"आये, अगं तूच तर..."

"तू गप रे!" मी फोन कानाला घट्ट धरला. "भ्यायचं काम मी करते, साहेब. त्याला तेवढी बोट चालवू द्या."