जयवंत पेडणेकरांचा बसलेला आवाज

लालबागच्या नाक्यावर जयवंत पेडणेकर भाषणाला उभे राहिले की माइकवाला आधी आवाज कमी करायचा. तरीसुद्धा त्यांचं भाषण पलीकडच्या मसाल्याच्या गिरणीत मशीन सुरू असतानाही ऐकू जायचं.

पक्ष फुटला आणि जयवंतरावांची खरी भरभराट झाली. पक्ष अखंड होता तेव्हा शिव्या द्यायला लांबची माणसं शोधावी लागत. आता माणूस चाळीतल्या समोरच्या खोलीतच मिळाला. हितेंद्र सावंत, पंचवीस वर्षांचा दोस्त, दुसऱ्या गटात गेला आणि त्या दिवसापासून त्याचं नाव 'गद्दार' पडलं. हितेंद्रने यांचं नाव 'लाचार' ठेवलं. तीन वर्षं दोघं एकमेकांशी फक्त माइकवरून बोलले.

मग मार्चमध्ये जयवंतरावांचा आवाज बसला. हळद झाली, मध झाला, ज्येष्ठमध चघळून झालं. शेवटी परळच्या एका इस्पितळात डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या, साध्याच.

"दोन महिने ओरडायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंही नाही. समोरच्याला ऐकू जाईल इतकंच बोलायचं."

समोरच्यासाठी बोलायचं असतं, ही कल्पना जयवंतरावांना नवीनच होती.

आवाजाचे व्यायाम शिकवायला रुचा नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "काका, रोज तुमच्या तोंडात असतात अशी दहा वाक्यं लिहून आणा. ती आपण हळू म्हणायला शिकू."

जयवंतरावांनी सुवाच्य अक्षरात लिहून नेली. पहिलं होतं, 'या गद्दारांना गाडल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही.' शिकवल्याप्रमाणे श्वास सोडत, मऊ आवाजात त्यांनी ते म्हटलं. ऐकताना वाटलं, कुणीतरी कुंडीत रोप लावायचं म्हणतंय. 'तुमची लायकी काय?' हे तर थेट तब्येतीची चौकशी केल्यासारखं निघालं.

रुचाने उरलेला कागद वाचला आणि परत केला. "ही हळू म्हणण्यातली नाहीत, काका. दुसरी आणा. घरातली चालतील."

घरातली वाक्यं घरीच विचारावीत म्हणून ते बायकोकडे, मालनताईंकडे गेले. त्या नारळ खवत होत्या.

"माका काय इचारतास?" मालनताई म्हणाल्या. "माझ्याशी तुमी बोललास खंय? भाषणांच केलास."

हे लागलं. त्यांनी रात्रीपर्यंत डोकं खाजवून चार वाक्यं जमवली. त्यातलं 'पंखा कमी करू का?' हे बायकोला म्हणून पाहिलं, तर मालनताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

एप्रिलात चाळीची सभा भरली. पाण्याचा पाईप कुजला होता. हितेंद्र सेक्रेटरी, त्याने नवा पाईप बाहेरच्या भिंतीवरून न्यायचा ठराव मांडला. जयवंतराव उठले. एका बाजूने टाळ्यांची तयारी केली, दुसरीने हुर्योची. ते बोलले, पण कुणालाच काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणतायत?"

"काय की."

नुसत्या कुतूहलाने सभा गप्प झाली. अखेर हितेंद्र वैतागून खुर्ची उचलून आला आणि त्यांच्या शेजारी कान पुढे करून बसला.

"बोल काय ते."

"पाईप बाहेरून नेलास तर शेवंतीबाईंची खिडकी झाकली जाईल." या वाक्यात 'गद्दार' कुठे बसतो का, हे जयवंतरावांनी पाहिलं. श्वास पुरेना.

हितेंद्रने मान खाजवली. "खिडकी लक्षात नाही आली माझ्या. पण आतून न्यायचा तर तुझी मोरी फोडावी लागेल."

"मग फोड."

सभेची फार निराशा झाली. भांडणाचा व्हिडिओ काढायला आलेल्या आरोहीने मोबाइल पर्समध्ये टाकला. पाईप मात्र आठ दिवसांत बसला.

जूनमध्ये आवाज परत आला. शाखेचा राजेश धावत आला आणि नाक्यावरची सभा ठरली. जयवंतराव उभे राहिले आणि म्हणाले, "समोरच्या गटाचं पाण्याचं धोरण चुकतंय. का चुकतंय, ते चार मुद्द्यांत सांगतो." दुसऱ्या मुद्द्याला पुढची रांग मोबाइल बघू लागली. चौथा संपतो न संपतो तोच राजेशने माइक काढून घेतला. "काका दमलेत," असं सांगून त्याने स्वप्नील नावाच्या नव्या वक्त्याला उभं केलं. स्वप्नीलचा पहिलाच शब्द 'गद्दार' होता. शिट्ट्या पडल्या.

जयवंतरावांना वाईट वाटलं. खोटं कशाला, हेवाही वाटला. काय गळा होता. आणखी दोन वर्षांत हा रुचाकडे जाणार, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं आणि ते घरी आले.

सकाळी ते गॅलरीत दात घासत होते, तर हितेंद्र समोर येऊन उभा.

"काल तू बोललास ते सगळं चूक होतं."

"सगळं?"

"तिसरा मुद्दा सोडून."

मालनताईंनी न विचारता दोन कप चहा आणला. हितेंद्र तासभर समजावत राहिला. जयवंतरावांना त्यातलं काहीच पटलं नाही आणि ते त्यांनी तसं सांगितलं. हितेंद्र पाय आपटत गेला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो आणखी दोन मुद्दे घेऊन हजर झाला.