लाल खुणेचं थंड पाणी

तळहातावरचं जुनं वायसर काळं, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि एका बाजूनं खोल दबलेलं होतं — नळाच्या पोटातल्या पितळी कडेनं त्यावर आपला गोल असा उठवून ठेवला होता, की उजेडात धरलं तर त्या गोलाच्या आत आणखी एक गोल दिसत होता, आणि त्याच्या आत काहीच नाही. ॲलॉयसियस ते उगाच फिरवून पाहत राहिला. नवं वायसर बसवून झालं होतं, नळ आवळून झाला होता. आता फक्त हात धुवायचे होते. पण बाथरूमचं दार अर्धं लोटलेलं, बाहेर तळलेल्या कांद्याचा वास, आणि या अर्ध्या उजेडात उभं राहायला बरं वाटत होतं.

मस्कतच्या वादी अदाईतलं हे घर जैनुद्दीनचं. दोघं एकाच कंपनीत. जैनुद्दीन इलेक्ट्रिशियन, हा प्लंबर. एक रत्नागिरीकडचा, एक वसईचा, ओमानला आले तेव्हा दोघांच्याही मिशा नीट फुटलेल्या नव्हत्या. पुढच्या शुक्रवारी ॲलॉयसियस इथं नसणार होता. आयर्लंडला, बायकोकडे आणि लेकीकडे, ग्रेस आणि शेरॉनकडे... म्हणून आजचं हे जेवण, आणि म्हणूनच जैनुद्दीनच्या बायकोनं, शकीलानं दार उघडता उघडताच सांगितलं होतं, "ॲलॉयभाई, बिर्याणीला दम बसायचाय अजून. तेवढ्यात बेसिनचा नळ बघा. तुम्ही गेल्यावर हे दुसऱ्या कोणाला घरात घेणार नाहीत, आणि मी जन्मभर टपटप ऐकत बसणार."

"पाहुण्याला कामाला लावते बघ," सोफ्यावरून जैनुद्दीन म्हणाला, पण उठला नाही.

"पाहुणे कधीपासून झाले ते?"

हे ॲलॉयसियसला बरं वाटलं होतं. गळका नळ दाखवून घरात घेतलं की आपली जागा कुठे ते कळतं.

गळत होता तो लाल खुणेचा, एरवी गरम पाण्याचा नळ. मस्कतमध्ये लालच आधी झिजतो. मे महिना लागला, की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही; मग घरोघरी गीझर बंद करतात, आणि छताखाली सावलीत टांगलेल्या त्या बंद गीझरमध्ये पाणी हळूहळू खोलीइतकं थंड होतं. मग लाल नळ थंड, निळा गरम. ऑक्टोबरपर्यंत असंच. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तिघं इथं मस्कतलाच, रुवीच्या खोलीत राहत असताना ग्रेस त्या दिवशी गीझरचं बटण बंद करून, पदर नसताना कमरेला खोचल्यासारखं करून जाहीर करायची — "आजपासून उलटं." शेरॉन तेव्हा एवढीशी, तिला वाटायचं हा नाताळासारखाच एखादा सण आहे.

आणि तीच ग्रेस... आयर्लंडला गेल्यावरच्या पहिल्या जुलैत, रात्रपाळी करून आलेली, अर्धवट झोपेत, शेरॉनच्या केसांतला साबण काढायला तिनं लाल नळ सोडला. थंड पाण्यासाठी. पोर किंचाळली, फार काही झालं नाही, मानेवर थोडं लाल. फोनवर सांगताना ग्रेस आधी हसली आणि मग हसता हसता गप्प झाली. "जुलै आहे एवढंच हाताला कळलं रे," ती म्हणाली होती. त्याला काळजी वाटायला हवी होती, वाटलीही. पण त्या काळजीखाली, पाइपातून लांबवर वाहत्या पाण्याचा आवाज यावा तसं, एक समाधान होतं — तिचा हात अजून इथं आहे. रुवीत आहे. ते समाधान त्यानं कोणाला दाखवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र चेष्टेनं विचारलं, अजून भाजतेस का पोरीला? फोनच्या पडद्यावर ग्रेस कांदा चिरत होती. "छे, आता हात बरोबर जातो," म्हणाली, आणि चिरत राहिली.

त्या 'बरोबर'चा आवाज त्याच्या डोक्यात अजून होता. त्यानंतर आणखी एक उन्हाळा गेला. आणि काल फोनवर शेरॉन, नऊ वर्षांची, मराठी शब्द एकेक उचलून ठेवत, "डॅडा, तू आलास की... व्हेअर विल यू... कुठे झोपणार? मम्माच्या रूममध्ये माझा डेस्क आहे ना." मागून ग्रेसचा आवाज, "हलवू गं तो." पण कुठे हलवणार ते कोणीच बोललं नाही.

वर्षभर काही करू नकोस, ग्रेसनं सांगितलंय. शेरॉनला शाळेतून आण, तिथली प्लंबरची परीक्षा दे, मग काम. तिचं बरोबरच असणार. पण काही न करता एखाद्या घरात कसं राहायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. वसईला वाडीत वडील टाचेनं मातीचा बांध फोडून केळीच्या एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायचे, आणि पाणी जिकडे गेलं तिकडे तेही जायचे... घर म्हणजे त्याच्या लेखी भिंतींच्या आतलं घर. पाणी कुठून शिरतं, कुठे वळतं, कुठे अडतं. गेले कितीतरी दिवस डोळे मिटले की तो ते न पाहिलेलं घर असं काढत होता — ग्रेसनं पाठवलेल्या फोटोत सिंकखाली दिसणारा एक तांब्याचा वाकडा तुकडा, तिथून जिन्याकडे, जिन्याखालून वर — आणि वर गेलं की पुसट होत होतं. वर ती झोपायची खोली. पाइप तिथपर्यंत जातच नव्हता. मी शिरणार कुठून, त्याला वाटे. मला वळायला जागा कुठे आहे?

बाहेर कुकरची शिट्टी झाली की दुसऱ्या कुणाच्या घरातली, कोण जाणे. तो सिंकखालच्या त्या तुकड्यापाशीच होता, थंडगार तांबं, त्यावर बारीक दव... त्यानं वायसर बेसिनच्या कडेला ठेवलं, डावा हात पुढे धरला, उजव्यानं नळ पूर्ण सोडला.

हात त्यानं लगेच काढला नाही. काय होतंय तेच समजलं नाही. मग झटक्यानं मागे सरला.

"शकीला, गीझर चालू ठेवलास काय?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "जूनमध्ये गीझर? बरे आहात ना, ॲलॉयभाई?"

समोर निळ्या खुणेचा नळ भळाभळा वाहत होता, गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी.

जैनुद्दीन दारात आला, नळाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. "गेला," तो मागे वळून बायकोला म्हणाला. "हा कधीच गेलाय. बॉडी राहिलीय नुसती, ती शुक्रवारी पार्सल." मग हळूच, "जास्त भाजलं काय रे?"

"नाही."

"मस्कतचा सगळ्यात जुना प्लंबर. कुणाला सांगितलं तर शेण घालतील तोंडात."

"नको सांगू मग."

शकीलानं वाडग्यात बर्फ आणून दिला. डावा हात त्यात बुडवून तो उजव्यानं जेवला, आणि ती दोघं हसली तेव्हा हसला. बोटं बधिर होत गेली. आधी दुखणं गेलं, मग थंडपणा गेला; नुसता हात उरला, कोणाचा तरी.

जेवण झाल्यावर, शकीलाचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून, तो खाली गाडीत बसून राहिला. ग्रेसला सांगावं असं आधी वाटलं. तिला अर्ध्या वाक्यात कळलं असतं, या जगात तिलाच. फोन काढला आणि परत ठेवला. तिचा हात त्या जुलैत चुकला आणि पुढच्या जुलैत चुकला नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. पण मधे? मधे अशीही एक दुपार आली असेल, जेव्हा तिच्या हाताला दोन्हीकडचं काहीच आठवलं नसेल. ती कुठल्यातरी नळापुढे उभी राहिली असेल, एकटी, कुठलीच नसलेली. ते तिनं सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही... मी फक्त ती अजून इथली आहे का, तेवढंच विचारत राहिलो.

ते घर त्यानं पुन्हा डोळ्यांपुढे आणून पाहिलं. या वेळी त्यात एकही पाइप नव्हता. एक जिना होता, वर कोणीतरी चालत होतं, आणि तो खाली उभा होता, हातात काही नसलेला. भीती होती, पण ती आता त्याच्या एकट्याची राहिली नव्हती.

काचेपलीकडे अमरातकडचा उघडा डोंगर उन्हाच्या झळांत थरथरत होता. डोंगर हलतोय की आपणच, हे काही वेळ त्याला ठरवता येईना, आणि मग ठरवावंसंही वाटेना.