कामावरचे कपडे

“प्रितमचे कामावरचे कपडे कोण धुतं, काकी?” गावातली आशा कार्यकर्ती स्नेहल हिने विचारलं.

“सूनच. आणखी कोण धुणार?” कमळाबाई म्हणाली.

सुनेला, निशाला, तिसरा महिना लागला होता. याआधी दोनदा तिसऱ्यातच पोट पडलं होतं. दुसऱ्या वेळी कमळाबाई शेजारणीजवळ बोलली होती, “हिच्या अंगातच दोष हाय.” निशाने ते आतून ऐकलं होतं.

कमळाबाईचा मुलगा प्रितम महाडजवळच्या एका केमिकल कंपनीत पावडर भरायच्या कामावर होता. त्याचे कपडे भिजवले की बादलीतलं पाणी हळदीसारखं व्हायचं. निशाचे तळहातही पिवळे.

“खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही,” स्नेहल म्हणाली, “पण काही रसायनं पोटातल्या जिवाला बाधतात. तिला या कपड्यांना हात लावू देऊ नका.”

प्रितम वैतागला. “कंपनीत असं कोण बोललं नाय. सगळ्यांच्याच बायका धुतात.”

“सगळ्यांचं मला नको सांगू. उद्यापासून मी धुणार,” कमळाबाई म्हणाली.

सकाळी ती गाठोडं घेऊन ओढ्यावर गेली. पहिल्याच घासण्याला पिवळा पट्टा पाण्यात उतरला आणि खाली वाहू लागला. खालच्या अंगाला गनीभाईंची सून अलीशबा गुडघाभर पाण्यात गोधडी खळबळत होती. तिला सातवा होता. पट्टा तिच्या पायांपाशी पोचला, फुटला, पुढे गेला.

“मावशी, आज तुम्ही?” ती हसली.

“बाहेर ये गो पाण्यातून,” एवढंच कमळाबाईला बोलता आलं. ओले कपडे तसेच उचलून ती घरी आली. त्यानंतर प्रितमचे कपडे ती पिशवीत साठवत गेली, निशाला हात लावू दिला नाही.

आठव्या दिवशी निशाच्या ओटीपोटात कळा सुरू झाल्या. रिक्षा दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कमळाबाई खाटेजवळ बसली. “दोष तुझा नव्हता गो.”

निशाने भिंतीकडे तोंड फिरवलं. “आता सांगताय, आत्या?”

दुसऱ्या दिवशी दुपारी कमळाबाई कंपनीच्या गेटवर गेली. कपड्यांची पिशवी तिने वॉचमनपुढे ठेवली. “तुमच्या कामाचे कपडे. तुम्हीच धुवा.”

“इथं नाय घेत, आजी. घरी न्या.”

“घरी नाय नेणार.”

वॉचमनने साहेबांना फोन लावला. कोणी आलं नाही. ती गेटजवळच्या दगडावर बसून राहिली.

तीन वाजता भोंगा झाला. माणसं मोटारसायकली घेऊन बाहेर पडली. जवळजवळ प्रत्येकाच्या हँडलला कपड्यांची एक पिशवी लटकत होती. कोणी दासगावकडे वळलं, कोणी पोलादपूरकडे.