डोरल्यातला मणी

अच्युतराव पांढरीपांडे यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि म्हणणं खरं ठरलेला निवृत्त माणूस सोसायला फार जड जातो. त्या हिवाळ्यात शेअर बाजार घसरू लागला तशी भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये सकाळी फिरायला निघणाऱ्या मंडळींची तोंडं उतरत गेली. अच्युतरावांचं तेवढं उजळत गेलं. त्यांनी चार वर्षांपूर्वीच होतं नव्हतं ते सोन्यात घातलं होतं, आणि बाजार जसा खाली येत होता तसं सोनं वर चढत होतं. चालता चालता ते मोबाइल काढत, आकडा बघत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत.

मराठी मंडळाने मग त्यांचं भाषणच ठेवलं. 'पडत्या बाजारात सोन्याचा आधार' असा विषय फळ्यावर लिहिला होता. अच्युतरावांनी सगळी नोकरी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात काढलेली. मापात बसत नाही ते बाजूला करायचं, ही सवय अंगात मुरलेली होती, आणि बोललेही ते तसंच. घरात दागिने ठेवणं म्हणजे पैसा झोपवून ठेवणं. चोरीची भीती, लॉकरचं भाडं, मोडायला गेलं की घट. त्यापेक्षा कागदी सोनं घ्या. ते मोबाइलमध्ये राहतं, हवं तेव्हा हवं तेवढं विकता येतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत त्यांची बायको रत्नप्रभा बसली होती, गळ्यात 'एक ग्रॅमवालं' मंगळसूत्र घालून, म्हणजे पितळेवर सोन्याचं पाणी दिलेलं. चहाच्या वेळी कुणीतरी तिला विचारलं, "वहिनी, पाटल्या मोडल्या तेव्हा वाईट नाही वाटलं?"

रत्नप्रभा म्हणाली, "आता ह्यांना झोप लागते."

तिने हे थट्टेने म्हटलेलं नव्हतं. कोरोनाच्या वर्षी बाजार कोसळला तेव्हा अच्युतरावांचे निवृत्तीचे जवळजवळ सगळे पैसे त्यात होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा हा माणूस घाबरला आणि भाव अगदी तळाला गेलेले असताना सगळं विकून मोकळा झाला. पुढे बाजार सावरला, पण हे बाहेर होते. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. गच्चीवर येरझारा घालत. एकदा रत्नप्रभाने त्यांना कठड्याला रेलून खालच्या रेल्वेलाइनीकडे एकटक बघत असलेलं पाहिलं होतं. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही, त्यांच्याशीही नाही. पण पुढे त्यांनी सोन्याचा विषय काढला तेव्हा तिने वाद घातला नाही.

तसं बघितलं तर सोनं घरात होतंच. पाटल्या होत्या, तोडे होते, मोहनमाळ होती. त्यांना हात लावायची काही गरज नव्हती. पण डब्यातलं सोनं रोज सकाळी आकडा दाखवत नाही, आणि आकडा दिसल्याशिवाय अच्युतरावांना सुरक्षित वाटत नव्हतं.

"झोप लागेल ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"लागेल."

"मग न्या."

सगळं दिलं तिने, गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा. फक्त एक मणी मागे ठेवला. तिच्या आईचं वर्ध्याचं डोरलं होतं, जुन्या घडणीचं मंगळसूत्र, भरीव मण्यांचं. आई सवाष्ण गेली तेव्हा त्यातला एक मणी तिच्या तोंडात घातला, आणि उरलेल्यांतला एकेक तिन्ही मुलींनी आपापल्यासाठी घेतला. जाताना तोंडात आईचं सोनं असावं, एवढीच त्यामागची इच्छा. दोघी थोरल्या बहिणी आपापला मणी तोंडात घेऊन गेल्याही होत्या. रत्नप्रभाचा मणी लाल कापडाच्या पुरचुंडीत, देव्हाऱ्यात असायचा. "बाकी काही मागत नाही," ती म्हणाली, "हा तेवढा माझा मला राहू द्या." अच्युतराव म्हणाले, "अगं, हे काय सांगणं झालं?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली असताना त्यांनी तो मणी उचलला.

का उचलला, याला धड कारण नव्हतं, आणि म्हणूनच त्याची जास्त लाज वाटावी. आदल्या दिवशी जुन्या शहरात, चौकातल्या सराफाने सगळं तोलून दाखवलं होतं आणि आकडा शंभर ग्रॅमला एक मणीभर कमी आला होता. एक मणीभरच. अच्युतरावांना तो आकडा दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा सारखा टोचत राहिला. मणीच तर आहे, वेळ आली की नवा आणू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. रत्नप्रभासाठी आणलेल्या एक ग्रॅमवाल्या मंगळसूत्राबरोबर जादा मणी आले होते. त्यांतला एक त्यांनी पुरचुंडीत बांधला. पुढे ते हे विसरून गेले. खरं सांगायचं तर विसरले नाहीत, विसरल्यासारखं केलं.

त्या वर्षी दसऱ्याला रत्नप्रभाने नेहमीप्रमाणे पुरचुंडी सोडली. मणी हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला, आणि परत बांधून ठेवला. नंतरच्या दसऱ्यांना तिने पुरचुंडीला हळदकुंकू वाहिलं, पण गाठ सोडली नाही. डोळे अधू झालेत तिचे, अच्युतराव मनात म्हणाले, आणि त्यांना बरंच वाटलं.

भाषण झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रत्नप्रभाचं यकृत बिघडल्याचं कळलं, तेही फार उशिरा. पैशाची अडचण नव्हती. अच्युतराव डॉक्टरांना म्हणाले, "लागेल ते करा, खर्चाकडे बघू नका, सोनं खूप चढलंय." डॉक्टर म्हणाले, "घर ले जाइए." पुण्याहून लेक आली, शमिका. भोपाळातल्याच शिवाजी नगरहून अच्युतरावांच्या थोरल्या भावाची बायको, प्रमिलावहिनी, रोज येऊन बसू लागल्या. ज्या घरात एक आकडा चढताना बघून चहा गोड लागायचा, त्या घरात आता रत्नप्रभाच्या ओठाला चमच्याने पाणी लावायचं काम उरलं होतं.

एका सकाळी रत्नप्रभाने शमिकाला पुरचुंडी आणायला सांगितली. गाठ शमिकाने सोडली. मणी आईच्या तळहातावर ठेवला आणि ती चहा टाकायला आत गेली. पलंगाशी अच्युतराव एकटे राहिले. रत्नप्रभाची बोटं मण्यावरून फिरत होती, आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी.

"हलका लागतोय हो," ती म्हणाली.

अच्युतरावांच्या तोंडातून नेहमीसारखं शास्त्र बाहेर पडलंच. "अशक्तपणा आहे ना. अशक्तपणात सगळंच हलकं लागतं."

"मला तर पाण्याचा पेलासुद्धा जड होतो आता," रत्नप्रभा म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मणी मुठीत धरला आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. अच्युतरावांना आत्ता सांगता आलं असतं. दोन वाक्यं लागली असती. ओठ हललेही त्यांचे. मग त्यांना वाटलं, सांगून काय होणार, त्यापेक्षा खरा मणी आणून हातात द्यावा, म्हणजे सांगायची गरजच पडणार नाही. सगळा जन्म ते असंच करत आले होते. खराब माल बदलून द्यायचा आणि विषय संपवायचा.

"तुझं मलम संपलंय," ते म्हणाले, "घेऊन येतो."

"या," ती म्हणाली.

चौकातल्या सराफाने त्यांना ओळखलं. तो मध्यंतरी अच्युतरावांची व्याख्यानं ऐकून हैराण झालेला होता. "आइए अंकल. आज इधर कैसे? आपका सोना तो फोन में रहता है."

अच्युतरावांनी मणी मागितला. सराफाने पुढे केले ते पोकळ, आत लाख भरलेले. बोटात धरले की काही धरलंय असं वाटू नये, इतके हलके. "भरीव पाहिजे. मतलब ठोस," अच्युतराव म्हणाले. "पुराने डोरले में रहता था वैसा."

"वैसा अब कौन पहनता है, अंकल. कारीगर से बनवा दूँ, पर बैठना पड़ेगा."

ते बसले. आत कारागिराने सोनं तापवलं, ठोकलं, गोल केलं. दुकानातल्या पडद्यावर सोन्याचा भाव सरकत होता. तो आजही चढला होता. सवयीने अच्युतरावांची नजर तिकडे गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या आकड्याची किळस आली. एवढं सोनं त्यांच्या नावावर होतं, आणि घरात बायकोच्या मुठीत ठेवायला गहूभर नव्हतं.

मणी तयार होऊन काट्यावर आला तेवढ्यात शमिकाचा फोन आला. "बाबा, कुठे आहात? लवकर या. आईचा श्वास लागलाय."

"निघालोच," ते म्हणाले.

काट्यावरचं वजन त्यांना हवं होतं त्याहून किंचित कमी होतं. फार नाही, पाव गुंज असेल. दुसरा कुणी तसाच उचलून धावत सुटला असता. पण अच्युतरावांच्या डोक्यात रत्नप्रभाची ती बोटं होती. ती ओळखेल. तिला पुन्हा हलका लागेल. फोन खिशात ठेवत ते सराफाला म्हणाले, "थोडा कम है. और डालो."

"इतने से क्या होता है, अंकल?"

"डालो."

बिल, डबी, पिशवी, सगळं नको म्हणत ते मणी तसाच मुठीत धरून बाहेर पडले. ऑटो स्टेशनाजवळच्या पुलावर अडकली. ऊन मी म्हणत होतं. समोर एक ट्रक आडवा झाला होता, आणि त्याच्या मागे भोपाळातली सगळी वाहनं हॉर्न वाजवत उभी होती. घाम येऊन हातातला मणी निसटेल अशी भीती वाटली म्हणून त्यांनी मूठ आणखी आवळली. पुलाखालून गाडी गेली. देवाचं नाव त्यांना आठवेना, म्हणून ते नुसतं थांब, थांब म्हणत राहिले.

घराचं दार सताड उघडं होतं. दाराशी शेजाऱ्यांच्या चपला पडल्या होत्या, आणि घरात एवढी माणसं असून कुणी बोलत नव्हतं. तेव्हाच त्यांना कळलं.

रत्नप्रभाला हॉलमध्ये, जमिनीवर घेतलं होतं. हिरवी साडी अंगावर घातली होती, कपाळाला मळवट भरला होता. हनुवटीखालून पांढरी पट्टी नेऊन डोक्यावर बांधली होती. शमिका उशाशी बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. बापाला बघून ती उठली नाही.

"फार त्रास नाही झाला तिला," ती म्हणाली. "मणी मुठीतच होता. मी तोंडात घातला, तुळस ठेवली, पाणी दिलं. गिळलं तिने पाणी." मग ती म्हणाली, "तुमची वाट बघत होती. मी म्हटलं, बाबा मलम आणायला गेलेत. तर म्हणाली, मलम नाही, सराफ्यात गेलेत ते. मला वाटलं, भ्रम झालाय. पुन्हा म्हणाली, घाई करत येऊ नका म्हणावं, ऊन आहे. मला हाच चालेल."

अच्युतराव भिंतीला धरून खाली बसले. म्हणजे तिला ठाऊक होतं. आज नाही, त्या पहिल्या दसऱ्यापासून ठाऊक होतं. आणि गाठ सोडली नाही ती ह्यांची झोप मोडू नये म्हणून.

प्रमिलावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "भाग्याची गेली हो भाऊजी. सवाष्ण गेली, तोंडात आईचं सोनं घेऊन गेली. आणखी काय पाहिजे बाईला?"

"सोनं नाही ते," अच्युतराव म्हणाले.

वहिनींना वाटलं, दुःखाने बोलताहेत.

"पितळ आहे. मी बदलला होता. तिच्या आईचा मणी मी विकला." एवढ्या वर्षांत जे दोन वाक्यांत सांगता आलं नाही, ते आता सगळ्या शेजारपाजाऱ्यांसमोर सहज बाहेर पडलं, आणि जिला सांगायचं होतं तेवढी ती ऐकत नव्हती. त्यांनी मूठ उघडली. घामाने ओला झालेला नवा मणी तळहातावर चमकत होता. "हा खरा आहे. भरीव आहे, वजन बरोबर आहे. पट्टी जरा सैल कर, शमू. घालू दे मला."

शमिका मण्याकडे पाहत राहिली. मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं तिने. बाहेर कुणीतरी गुरुजींना फोन करत होतं. शमिकाने आईच्या पट्टीला हात लावला, गाठ पक्की आहे का बघितलं, आणि हात मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "तिने सांगितलंय ना, हाच चालेल म्हणून."

"शमू, अगं एवढं तरी…"

ती पुढे सरकली आणि तिने बापाची बोटं एकेक करून मण्यावर मिटवली, हळूच, लहान मुलाची मिटवावीत तशी.

"हा ठेवा तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या वेळेला होईल."

मग ती उठली आणि आईसाठी फुलं आली का ते बघायला दाराशी गेली.