जांभळीवरची तार

मी एक जुनी तांब्याची तार आहे. लोणावळ्यात दिगंबर मास्तरांच्या छपरापासून परसातल्या जांभळीपर्यंत मी ताणलेली असे. घाटावरचा वारा मला कधी स्वस्थ बसू देत नसे.

मित्रांनो, मास्तर शाळेत विज्ञान शिकवत आणि घरी बिनतारी यंत्रं जमवत. जुना स्फटिकाचा संच, काचेच्या दिव्यांचा नवा संच, संदेश धाडायचा पितळी खटका. या सगळ्यांचा कान म्हणजे मी. माझ्यातून सिलोनहून धाडलेल्या संदेशाची टकटक आली, तेव्हा मास्तर अंगणात धावत सुटले होते. शेजारच्या मुक्ताबाई म्हणाल्या, "बिनतारी म्हंता, मंग येवढी तार कशापायी?"

एकोणचाळीस साली लढाई पेटली. हुकूम आला, यंत्रं जमा करा, तारा उतरवा. मास्तरांनी सगळी यंत्रं टांग्यात घालून पोलीस चौकीवर पोचती केली. मला मात्र हात लावला नाही.

त्यांच्या पत्नी इंदिराबाईंनी तो हुकूम वर्तमानपत्रात दोनदा वाचला होता.

"अहो, तार राहिली की!"

"यंत्राविना ती काय बोलणार?"

"तुम्हाला धरून नेलं, तर या तान्ह्या रजनीला घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहू?"

मास्तर छत्री उचलून शाळेत गेले.

मग इंदिराबाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. फाटक वाजलं की त्या दचकत. दूध उतू जाई. शेवटी त्यांनी लांब काठीनं रजनीची दुपटी माझ्यावर टाकली, म्हणजे मी कपड्यांचं वलण वाटावं! पण इतक्या उंचावर दुपटी अशी फडफडली, की पार रस्त्यावरून दिसू लागली.

तिसऱ्या दिवशी हवालदार अंबाजी आलेच.

"वैनी, वलण लय उंच बांधलंत. पोर आभाळात निजती व्हय?"

इंदिराबाईंनी रजनीला कडेवर घेतलं. मग एका दमात त्या म्हणाल्या, "वलण नाही, तारच आहे. उतरवा एकदाची."

अंबाजी जांभळीवर चढले आणि त्यांनी पक्कड काढून माझ्या मानेला लावली.

"कापू नका!" इंदिराबाई एवढ्यानं ओरडल्या, की कडेवरची रजनी रडू लागली. सांधा दिलेल्या तारेवर मास्तरांचा विश्वास नसे, हे त्यांना ठाऊक होतं. "गाठ सोडवा. उशीर झाला तरी चालेल."

"वैनी, तार काढायचा हुकूम हाय."

"काढायचाच ना? कापायचा कुठं आहे?"

"न्हाई खरं," अंबाजी हसले. नखं दुखेपर्यंत त्यांनी माझी गाठ सोडवली आणि 'तार उतरवली' असं कागदावर लिहून गेले.

संध्याकाळी मास्तरांना रिकामं आभाळ दिसलं. ते ओसरीवर बसले. मला मांडीवर घेऊन बोटांतून हातहात सरकवू लागले. कुठं कापलीय, ते शोधत होते. शेवटचं टोक हाती आलं, तेव्हा म्हणाले, "सबंध आहे गं."

"मग? पानं घेतलीत, चला," इंदिराबाई म्हणाल्या.

त्याला आता चार वर्षं झाली. लढाई संपलेली नाही. मी माळ्यावरच्या खुंटीला आहे. कौलांतून वारा शिरला की अजून थरथरते. दिवाळीला इंदिराबाई मला चिंचेनं घासतात आणि अर्ध्यातच दमतात.

मित्रांनो, घरात कुणाचा जीव एखाद्या वस्तूत अडकलेला असतो. तीच वस्तू कधी खाली उतरवावी लागते. तेव्हा पक्कड घेऊ नका. गाठ सुटते, वेळ लागतो इतकंच.