प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक चूक

आमच्या विभागप्रमुखांना पोरं पाठीमागे ‘थर्मॉस’ म्हणतात. आतला चहा दुसऱ्याचा आणि बाहेर नाव यांचं. नाव ठेवणाऱ्या पोराला मी वर्गात रागावले होते. आता वाटतं, त्याला पेढा द्यायला हवा होता.

सहा वर्षं मी दुसऱ्या वर्षाला उष्मागतिकी शिकवतेय, तीही कंत्राटावर. फळ्यावर सूत्रं लिहिली की पोरं नुसती माना डोलवतात, म्हणून मी बारा प्रोजेक्ट तयार केले. वायूचे रेणू, वितळणारं बर्फ, एकमेकांना चिकटवलेले दोन धातूचे ठोकळे, सगळं कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. माझा एक नियम होता. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी मुद्दाम एक चूक पेरायची आणि पोरांनी ती हुडकायची. सापडली की पाच गुण. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पहिल्या तासाला तोंडी सांगायचा. थर्मॉस माझ्या तासाला कधी फिरकलेच नाहीत, त्यांना काय कळणार कप्पाळ!

यंदा माझी नोकरी कायम करायची की नाही, ते ठरवायला बाहेरून समिती येणार होती. त्याच्या पंधरा दिवस आधी प्रयोगपुस्तिका छापून आली. बाराच्या बारा प्रोजेक्ट माझे. मुखपृष्ठावर थर्मॉस. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘टंकलेखन साहाय्य’ आणि पुढे मी!

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच त्यांच्या केबिनमध्ये शिरले.

“सर, हे माझं काम आहे.”

“अहो बाई, कोड काय कुणाच्या मालकीचा असतो?” ते चष्मा पुसत म्हणाले. “जो समजावून सांगतो, त्याचा कोड. समितीपुढे चौथा प्रोजेक्ट मीच दाखवणार आहे. सगळं नीट आहे ना त्यात?”

तेव्हाच मला चौथ्यात पेरलेली चूक आठवली, आणि खरं सांगते, जिवाला गार वाटलं.

“प्रोग्रामच्या हजार फेऱ्या चालवून बघा एकदा,” मी म्हणाले. खोटं बोलले नाही. पण त्यापुढे एक अक्षर काढलं नाही.

“तीनशे चालवल्यात. आलेख सुंदर येतो,” ते म्हणाले.

घरी नणंद शिवणाच्या मशीनवर होती. ऐकून तिने पायच थांबवला. “वहिनी, ती पुस्तिका त्याच्या थोबाडावर मारा!”

“थांब गं,” मी म्हटलं. “आपटू दे त्याला स्वतःच.”

समितीचे तिघेजण आले. अध्यक्षीणबाई वयस्कर, बोलायला कमी. मागे माझा वर्ग बसवला होता, चाळीस पोरं. थर्मॉसनी पडद्यावर दोन ठोकळे आणले, एक गरम, एक थंड. गरम उतरत गेला, थंड चढत गेला. तीनशे फेऱ्यांना आलेखावर दोघांच्या तापमानाच्या रेषा जवळ आल्या.

“ओळ न् ओळ मी स्वतः लिहिलीय,” ते म्हणाले.

“छान. हजारपर्यंत जाऊ द्या,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

चारशेच्या आसपास रेषा एकमेकींना भेटल्या. मग ओलांडून गेल्या. मघाचा थंड ठोकळा तापायला लागला आणि गरम होता तो गारठत चालला, थांबायचं नावच नाही. आठशेला एक गोठणबिंदूच्या खाली आणि दुसरा उकळीच्या वर. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

“उष्णता थंडाकडून गरमाकडे आपोआप निघाली?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं. “दुरुस्त करून दाखवता?”

थर्मॉस कोड वर नेत होते, खाली आणत होते. मानेवर घाम. मला जराही दया आली नाही. उलट, हा क्षण जरा लांबावा असंच वाटत होतं.

“कुणाला दिसतंय?” अध्यक्षीणबाईंनी वर्गाकडे वळून विचारलं.

चाळीस हात वर गेले. पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “गरम कोण, हे प्रोग्राम सुरुवातीला एकदाच ठरवतो, परत बघतच नाही. म्हणून तो ठोकळा गार पडला तरी देतच राहतो. ही चूक आम्ही पहिल्याच महिन्यात शोधली होती. मॅडमच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक असते. पाच गुण मिळतात.”

गार पडला तरी देतच राहतो. सहा वर्षं दुसरं काय करत होते मी?

अध्यक्षीणबाईंनी पुस्तिका उघडली, शेवटचं पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मग थर्मॉसकडे वळल्या.

“म्हणजे छापलेल्या पुस्तिकेत अजून अकरा चुका आहेत. कुठे कुठे?”

थर्मॉसनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. “बाई, जरा...” ते पुटपुटले.

मी हाताची घडी घातली.

“सांगा ना सर, समजावून.”